पूल बंद कोणी करायचा?

आयआरसी:6 मध्ये वाऱ्याच्या भाराचे कलम आहे, त्यात एक छोटे वाक्य आहे. डेकच्या पातळीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला 36 मीटरच्या वर गेला, तर पुलावर वाहनांचा भार नाही असे धरावे. रेल्वेच्या ब्रिज रूल्समध्येही याच धर्तीची तरतूद आहे. तिथे मर्यादा दाबात दिली आहे, ब्रॉडगेजसाठी चौरस मीटरला 150 किलो. डिझाइन करणारा अभियंता हे वाक्य वाचतो, त्या लोड कॉम्बिनेशनमधून चल भार वगळतो आणि पुढच्या गणिताला लागतो. सेकंदाला 36 मीटर म्हणजे ताशी 130 किलोमीटर. असल्या वाऱ्यात पुलावर जाईल कोण, इतकेच त्यामागचे व्यवहारज्ञान.

पूल वाहतुकीला खुला झाल्यावर मात्र हे गृहीतक खरे ठेवण्याचे काम कुणाकडे तरी जाते. तोवर डिझाइन सल्लागार दुसऱ्या कामावर गेलेला असतो, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपत आलेला असतो. मागे उरतात देखभालीचे कंत्राटदार, टोलनाक्यावरचे कर्मचारी, वाहतूक पोलीस आणि नियंत्रण कक्षात पडद्यांच्या भिंतीसमोर बसलेला रात्रपाळीचा ऑपरेटर. कलमातले ते वाक्य पाळायचे या मंडळींनी, आणि त्यांच्या हातात आयआरसी:6 कधी पडण्याचे काही कारण नाही. पुलाच्या संचालन पुस्तिकेत ‘अतिवेगवान वारे असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने वाहतूक थांबवावी’ असे एखादे वाक्य असले की काम झाले, अशी आपल्या व्यवसायातली सर्वसाधारण समजूत आहे. या अंकाच्या निमित्ताने त्या ‘अतिवेगवान’ आणि त्या ‘सक्षम’ या दोन्ही शब्दांचा हिशेब मागायचा आहे.

आधी वेगाचा. 36 ही मर्यादा पुलाची आहे, वाहनाची नव्हे. वाहन त्याच्या कितीतरी आधी हार मानते. आयएस 875 च्या तिसऱ्या भागातले सूत्र सगळ्यांना पाठ आहे : वेगाचा वर्ग गुणिले 0.6. सेकंदाला 20 मीटरला चौरस मीटरमागे 240 न्यूटन, 25 ला 375, आणि 36 ला जवळपास 780. आता न्हावा-शेवाहून निघालेला 40 फुटी कंटेनर डोळ्यांसमोर आणा. त्याची एक बाजू सुमारे 32 चौरस मीटरची. आकाराचा गुणांक बाजूला ठेवला तरी 25 मीटरच्या आडव्या वाऱ्यात त्या पत्र्यावर सव्वा टनाचा रेटा बसतो, 36 ला अडीच टनांचा. आणि रिकामा कंटेनर स्वतः भरतो चार टनांच्या आत. भरलेला असला तर वाऱ्याला तो सहसा दाद देत नाही. रिकामा असला की तो चाकांवर उभे केलेले शीड होतो. त्यात ट्रेलर पळत असतो, वारा झोतांनी येत असतो, स्प्रिंगांवर गाडी झुलत असते. स्थिर गणितात जो वेग निघतो त्याच्या बराच अलीकडे एका बाजूची चाके हलकी होतात. ट्विस्ट लॉक न फिरवता निघालेले ट्रेलर आपण सर्वांनीच पाहिले आहेत, त्यांचे तर गणितही मांडायला नको.

लहान गाडी उलटत नाही, सरकते. केबल-स्टेड पुलाच्या मनोऱ्यापाशी हे ठळक जाणवते. चालक मैलभर वाऱ्याच्या बाजूला स्टिअरिंग दाबून चाललेला असतो. मनोऱ्याच्या आडोशात गाडी शिरते, रेटा एकदम नाहीसा होतो आणि गाडी वाऱ्याच्या दिशेने झेप घेते. सेकंदभरात आडोसा संपतो आणि उलट्या दिशेने थप्पड बसते. शेजारच्या लेनमध्ये कुणी असेल तर पुढचे सांगायला नको. उंच ट्रकला ओव्हरटेक करतानाही नेमके हेच घडते. वाऱ्यात वेगमर्यादा खाली आणायची ती मुख्यतः या सरकण्यासाठी. उलटणाऱ्या वाहनाला वेग कमी केल्याने थोडाच आधार मिळतो, त्याला पुलावर येऊच न देणे हा उपाय.

डेक जितका वर, तितका वारा जास्त. वेधशाळा 10 मीटर उंचीवरचा वेग सांगते. उघड्या समुद्रावर 30 मीटरवर तो साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी अधिक असतो, म्हणजे रेटा साधारण पाव पटीने वाढतो. कुलाब्याचा आकडा पाहून पुलाबद्दल निर्णय घेणाऱ्याने एवढी भर मनात धरायलाच हवी.

याहून मोठा घोळ सरासरीचा आहे. जपानमध्ये होन्शू आणि शिकोकू बेटांना जोडणाऱ्या पुलांवर रस्ता बंद होतो तो 10 मिनिटांच्या सरासरीने सेकंदाला 25 मीटर झाल्यावर. डेन्मार्कच्या स्टोअरबेल्ट पुलाची मर्यादाही 25 च्या सरासरीचीच. स्कॉटलंडच्या जुन्या फोर्थ रोड ब्रिजवर मात्र झोताचा वेग पाहत : ताशी 50 मैलांचे झोत आले की उंच वाहने बंद, 65 ला मोटारी सोडून सगळे बंद, 80 ला पूल बंद. पहिल्या दोघांचे 25 आणि फोर्थचे 50 मैल, म्हणजे साधारण 22 मीटर, हे आकडे शेजारी ठेवून ‘स्कॉटिश अधिक सावध’ म्हणणारे सादरीकरण कुठल्याही परिसंवादात पाहायला मिळेल. वस्तुतः 10 मिनिटांची सरासरी 25 असते तेव्हा समुद्रावर 3 सेकंदांचा झोत सहज 33 ते 35 च्या घरात असतो. एक आकडा नळातल्या दिवसभराच्या पाण्याचा, दुसरा त्या क्षणीच्या धारेचा. आपला आयएस 875 चा मूळ वेग, मुंबईसाठी 44 मीटर, हा 3 सेकंदांच्या झोताचा आहे. तेव्हा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर जो आकडा लुकलुकतो तो झोत की सरासरी, आणि सरासरी असेल तर कितीची, हे पडद्यावरच लिहिलेले असावे. ऑपरेटरला विचारून पाहा. उत्तर ताबडतोब आले तर तो पूल चांगल्या हातांत आहे.

आता ‘सक्षम’ या शब्दाकडे. त्यासाठी जपानमधल्या अमारुबेच्या पुलाची हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी.

सानिन मार्गावर, समुद्राच्या अगदी तोंडाशी, सुमारे 41 मीटर उंचीचा पोलादी रेल्वेपूल 1912 पासून उभा होता. पुलावर वायुवेगमापक होते. सेकंदाला 25 मीटरची मर्यादा पार झाली की फुकुचियामाच्या नियंत्रण कक्षात घंटा वाजायची, आणि तिथल्या नियंत्रकाने पुलाआधीचा सिग्नल लाल करायचा, अशी व्यवस्था. 28 डिसेंबर 1986 ला दुपारी एकच्या सुमारास घंटा वाजली. नियंत्रकाने जवळच्या कासुमी स्टेशनला फोन करून विचारले. तिकडून उत्तर आले की वारा 20 च्या आसपास आहे, विशेष काही नाही. त्या वेळी पुलावर येणारी गाडीही नव्हती. सिग्नल तसाच राहिला. काही मिनिटांनी घंटा पुन्हा वाजली. या वेळी एक गाडी पुलाच्या इतकी जवळ आली होती की आता थांबवून उपयोग नाही असे नियंत्रकांना वाटले. पर्यटकांना सोडून परत चाललेली ती रिकामी गाडी होती. डबे वाऱ्याने पुलावरून खाली फेकले, इंजिन वर रुळांवरच राहिले. खाली खेकड्यांवर प्रक्रिया करणारा छोटा कारखाना होता. तिथल्या 5 कामगार महिला आणि गाडीचा कंडक्टर, असे 6 जण गेले.

या प्रसंगात यंत्र चुकले नाही. नियमही होता, मर्यादाही ठरलेली होती, घंटा दोनदा वाजली. फट होती ती घंटा आणि सिग्नल यांच्यामध्ये, आणि त्या फटीत एक समंजस माणूस बसलेला होता. गाड्या उशिरा होऊ नयेत असे त्याला वाटत होते, खात्री करून घ्यावी असेही वाटत होते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही फोनच केला असता. नंतर मर्यादा 25 वरून 20 वर आणली गेली. 2010 साली जुन्याच्या शेजारी काँक्रीटचा नवा पूल झाला, त्याला वारा अडवणारी पारदर्शक भिंत बसवली, तेव्हा कुठे मर्यादा पुन्हा वर नेता आली.

हीच फट आपल्याकडे एका पुलाने फार आधी बुजवली होती. रामेश्वरच्या जुन्या पांबन रेल्वेपुलावर वारा ताशी 58 किलोमीटरला पोचला की वायुवेगमापकाशी जोडलेला सिग्नल आपोआप लाल होई. स्टेशनमास्तरला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ताशी 58 म्हणजे सेकंदाला जेमतेम 16 मीटर. आपल्या 36 च्या निम्म्याहून कमी. रामेश्वरची गाडी वाऱ्यापायी मंडपमला खोळंबली, ही बातमी तमिळनाडूत कुणाला नवी वाटत नसे. आपल्या दाराशी कोकण रेल्वेने रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला पानवलचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरीचे पूल आणि होन्नावरजवळचा शरावतीचा पूल या चार ठिकाणी वायुवेगमापक बसवले आहेत. पानवलचा पूल 64 मीटर उंच आहे. तिथे दरीतून वर येणारा वारा काय चीज आहे हे पावसाळ्यात खिडकीशी बसलेल्या कुठल्याही चाकरमान्याला विचारावे. कोकण रेल्वेने आणखी एक गोष्ट साधली आहे, ती तांत्रिक नाही : पावसाळी वेळापत्रक. पावसात गाड्या हळू चालणार, हे प्रवाशांनी वर्षानुवर्षांत पचवले आहे. रस्त्यावरच्या पुलांबाबत असे काही आपण लोकांना कधी सांगितलेच नाही. पूल म्हणजे चोवीस तास, बारा महिने, अशीच आपली जाहिरात.

सागरी पुलांवरच्या वाहतुकीचा आपला अनुभव बव्हंशी चक्रीवादळांचा आहे. निसर्ग 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तौक्ते 17 मे 2021 ला मुंबईजवळून समुद्रातून वर सरकले. दोन्ही दिवशी वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद ठेवला गेला, आणि ते योग्यच झाले. पण चक्रीवादळ हे पाहुण्यासारखे कळवून येते. दोन-तीन दिवस आधी त्याचे नाव, मार्ग, वेळ सगळे ठाऊक असते. बैठक होते, आदेश निघतो. आपल्याला गाठतो तो वळीव. 13 मे 2024 ची दुपार आठवा. धुळीचे वादळ आले, घाटकोपरला अवाढव्य फलक पेट्रोलपंपावर कोसळून 17 माणसे गेली. आकाश काळवंडण्यापासून वाऱ्याचा जोर टिपेला पोचेपर्यंत किती वेळ मिळाला? बैठक बोलावण्याइतका नक्कीच नाही. अशा दुपारी ‘सक्षम अधिकारी’ मंत्रालयात, कोर्टात किंवा दुसऱ्या साइटवर असतो आणि त्याचा फोन लागत नाही.

आता अटल सेतूचे साधे गणित करू. एकूण लांबी 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे 16.5 समुद्रावर. ताशी 100 ने जाणारी मोटार समुद्रावरचा भाग 10 मिनिटांत ओलांडते. वारा वाढला म्हणून वेगमर्यादा 40 वर आणली, की त्याच मोटारीला 25 मिनिटे लागतात. शिवडी आणि चिर्ले या दोन्ही टोकांना नाके बंद केल्यावरही शेवटचे वाहन सुखरूप बाहेर पडायला अर्धा तास धरावा लागेल. याचा अर्थ असा की सेकंदाला 25 मीटर ही आपली बंदीची मर्यादा असेल, तर बंद करण्याचा निर्णय 25 ला घेऊन चालत नाही; अर्ध्या तासाने 25 होईल अशा क्षणी तो घ्यावा लागतो. वळवात तो क्षण ओळखता येत नाही. मग पर्याय दोन. एक, डॉप्लर रडारवर ढगांची रांग पुलाकडे सरकताना दिसली की उंच व रिकामी वाहने आधीच थोपवायची, वारा प्रत्यक्ष वाढो न वाढो. दोन, जी वाहने आत आहेत त्यांना काय सांगायचे हे आधीच ठरवून ठेवायचे. आत अडकलेल्यांना ‘थांबा’ म्हणायचे की ‘हळू पुढे चला’? आमचे मत असे की मोटारींना चालते ठेवावे, ट्रकांना वाऱ्याच्या पलीकडच्या लेनमध्ये, कठड्यापासून दूर ठेवून एकेरी रांगेत न्यावे. मतभेद असू शकतो. पण मतभेद एप्रिलमध्ये मिटवायचा, मेच्या दुपारी वॉकीटॉकीवर नव्हे.

टप्पे आखायचे तर आकडे फोर्थवरून उचलू नयेत. तिकडच्या रस्त्यावर ताडपत्री बांधलेला कडब्याचा ट्रक नसतो, थर्माकोलने माथ्यावर हातभर भरलेला छोटा हत्ती नसतो. अटल सेतू आणि सागरी सेतू यांवर दुचाकी आणि रिक्षांना मुळातच बंदी आहे, त्यामुळे तिथला प्रश्न निम्मा सुटतो. वाशीच्या खाडीपुलावर दुचाकी चालतात. अटल सेतूवर शिवडीला अडवलेला उंच ट्रक मुकाट्याने वाशीकडेच वळणार, आणि वारा तिथेही त्याच वादळाचा असणार. तेव्हा पुलागणिक वेगळा आदेश काढण्यात अर्थ नाही, खाडीवरच्या सगळ्या पुलांचा मिळून एकच तक्ता हवा. डेकच्या पातळीवरचा 3 सेकंदांचा झोत हे माप धरून 15 मीटरला वेगमर्यादा आणि फलक, 20 ला रिकामे कंटेनर, बंद बॉडीचे टेम्पो, उंच बसेस आणि दुचाकी बाहेर, 27 च्या सुमारास मोटारींखेरीज सगळे बंद, 30 ला पूल बंद, अशी सुरुवात करता येईल. 20 की 22 यावर वाद घालण्यात एक पावसाळा गेला तरी चालेल. तोपर्यंत 20 धरून चालावे.

ट्रक अडवायचा तर उभा कुठे करायचा, ही खरी अडचण. जागाच नसेल तर टोलनाक्यावरचा पोरगा कितीही नियम सांगो, मागे हॉर्नचा गदारोळ सुरू झाला की बॅरिकेड बाजूला होणारच. ‘साहेब, पाच मिनिटांत पलीकडे जातो’ या वाक्यापुढे आजवर भले भले नमले आहेत. 11 जानेवारी 2017 च्या पहाटे फोर्थ रोड ब्रिजवर उंच वाहनांना बंदी असताना एक ट्रक पुढे गेला आणि उलटून दुभाजकावर आडवा झाला. पूल दोन्ही दिशांनी दिवसभर, जवळपास 19 तास बंद राहिला. इतका वेळ लागला कारण ज्या वाऱ्याने ट्रक पाडला त्याच वाऱ्यात तो उचलताही येईना. आपल्या तातडीच्या आराखड्यांत क्रेन 20 मिनिटांत पोचेल असे लिहिलेले असते. पोचेल, बूम उघडता येईल का, हे क्रेनवाल्याला विचारून लिहावे.

पुन्हा खुला करणे हा विषय तर आपल्याकडे कुठे चर्चेतही येत नाही. वारा बंदीच्या आकड्याखाली आला की लगेच नाका उघडला, असे केले तर तासात तीनदा उघडझाप होते आणि लोकांचा फलकावरचा विश्वास उडतो. उघडण्याचा आकडा बंदीच्या आकड्याहून दोन-तीन मीटर खाली ठेवावा आणि सलग अर्धा तास झोत त्याच्या खाली राहिल्यावरच उघडावे. चक्रीवादळाचा डोळा माथ्यावरून जात असेल तर शांतता फसवी असते, मागून वारा उलट्या बाजूने येतो, हे नव्याने रुजू झालेल्यांना सांगून ठेवावे.

मापकांबद्दल दोनच गोष्टी. एकच मापक एकाच बाजूला बसवले तर अर्ध्या दिशांना ते डेकच्या किंवा मनोऱ्याच्या आडोशात सापडते. दोन्ही कडांना, कठड्यापासून बाहेर काढलेल्या हातावर हवीत. आणि फिरत्या वाट्यांच्या मापकाचे बेअरिंग खाऱ्या हवेने जड झाले की ते वारा कमी दाखवते, म्हणजे चुकते ते नेमके धोक्याच्या बाजूला.

वारा अडवणाऱ्या जाळ्या लावा, असा सल्ला हमखास येतो. सेव्हर्नच्या 1996 च्या दुसऱ्या पुलावर आणि 2017 च्या क्वीन्सफेरी क्रॉसिंगवर त्या सुरुवातीपासून डिझाइनमध्ये धरलेल्या आहेत, आणि तिथे बंदीचे प्रसंग शेजारच्या जुन्या पुलांच्या मानाने खूपच कमी येतात. उभ्या पुलावर मागाहून काही लावायचे तर चीनमधल्या हुमेन पुलाचा दाखला समोर ठेवावा. 5 मे 2020 ला तिथे दुरुस्तीच्या कामासाठी कठड्यांलगत पाण्याने भरलेले अडथळे ओळीने मांडले होते. तेवढ्याने डेकभोवतीचा वायुप्रवाह बदलला, पूल लाटेसारखा हलू लागला आणि वाहतूक 10 दिवस थांबली. पवनबोगद्यातल्या चाचणीशिवाय लांब पल्ल्याच्या पुलाच्या कठड्याला साधा जाहिरातीचा फलकही लावू नये.

स्टोअरबेल्टचा उल्लेख वर आला, त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 2 जानेवारी 2019 च्या सकाळी तिथला रस्ता वाऱ्यामुळे मोटारींना बंद होता, रेल्वे चालू होती. मालगाडीच्या वाघिणीवरचा, रिकाम्या बाटल्यांचा ट्रेलर वाऱ्याने आपल्या बैठकीतून सरकला, कारण त्याचा खिळा नीट अडकलेला नव्हता. समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीला तो धडकला. 8 प्रवासी गेले. रस्त्याचा तक्ता बिनचूक होता, शेजारच्या रुळांचा तक्ता वेगळ्या खात्याकडे होता.

राहता राहिला पैसा, म्हणजे ज्याविषयी आपण बैठकीत बोलत नाही आणि जेवताना बोलतो. पूल दोन तास बंद ठेवला तर टोलचे नुकसान कोणाचे, हे करारात लिहिलेले नसेल तर बंदीचा निर्णय उशिराच होणार. त्यासाठी कुणी वाईट असण्याची गरज नाही. ठरलेल्या तक्त्यानुसार केलेल्या बंदीचे तास सवलत कालावधीत आपोआप भरून मिळतील आणि तक्त्याप्रमाणे नाका बंद करणाऱ्या ऑपरेटरला नंतर खुलासा मागितला जाणार नाही, ही दोन कलमे करारात घालायला कायदा बदलावा लागत नाही. खुलासा मागायचाच तर तक्त्याबाहेर जाऊन पूल चालू ठेवणाऱ्याला मागावा.

जुलैच्या अंकात या विषयावर वाचकांचीच माहिती छापण्याचा विचार आहे. आपल्या पुलावर वाऱ्यामुळे वाहतूक रोखल्याची किंवा वेग कमी केल्याची नोंद असेल तर तारीख, झोताचा वेग, सरासरी किती मिनिटांची, मापक डेकपासून किती उंचीवर, निर्णय कुणी घेतला आणि आकडा दिसल्यापासून नाका बंद होईपर्यंत किती मिनिटे गेली, एवढे कळवावे. पुलाचे आणि खात्याचे नाव आपण सांगाल तरच छापू. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये, ही विनंती.